पालापाचोळा कोणीं उचलावा?

फाल्गुन लागला कीं पिंपळ, लिंब, करंज सगळेच आपलीं पानें टाकूं लागतात. सकाळीं झाडलेलें अंगण दुपारीं पुन्हां भरतें, आणि घरची म्हातारी झाडाला शिव्या देत पुन्हां खराटा हातीं घेते. पूर्वीं हा पाला परसांतल्या उकिरड्यांत जाई. आतां आमच्यासारख्या मोठ्या गांवांतूनहि घंटागाडी फिरूं लागली आहे, त्यामुळें पाल्याचें काय करावें हा प्रश्न सुटला असें लोकांस वाटूं लागलें आहे. खताच्या रिकाम्या पोत्यांत पाला दाबून भरावा, त्यांतच घरांतला केर कोंबावा, तोंड आवळावें आणि घंटा वाजली कीं पोतें बाहेर लोटून द्यावें. गाडी गेली, दार लावलें, प्रश्न मिटला!

आमच्या मतें प्रश्न मिटला नाहीं. तो आपल्या दारांतून उठून दुसऱ्याच्या दारांत जाऊन बसला. तो कोणाच्या दारांत बसतो, हें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं नीट समजून घ्यावें, एवढ्यासाठींच आजचा हा लेख आहे. विषय केरकचऱ्याचा आहे म्हणून कोणी नाक मुरडूं नये. ज्या समाजांत केर करणारा श्रेष्ठ आणि केर उचलणारा नीच ठरविला गेला, त्या समाजांत केराचा विचार हाच मोठा धर्मविचार आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतों. कारण दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःच्या दारांतला केर दाखविणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. दोन वर्षांपूर्वीं शिमग्याच्या आधीं आम्हीं परसांतली बोगनवेल छाटली, लिंबाचा पाला गोळा केला आणि सगळें दोन पोत्यांत ठासून भरलें. त्याच पोत्यांत घरांतल्या कोणी तरी फुटलेल्या बरणीची कांच टाकली. दुसऱ्या दिवशीं गाडी आली. गाडीवरच्या मावशींनीं पोतें उचललें, तें खालून उसवलें, आणि सावरण्यासाठीं त्यांनीं खालीं हात घातला. बोगनवेलीचा कांटा तळव्यांत गेला आणि कांच मनगटापाशीं शिरली. त्यांच्या हातांत मोजे नव्हते. आम्ही दारांतच उभे होतों.

आरोग्य केंद्रांत नेलें, चार टांके पडले, धनुर्वाताची सुई टोंचली. आठ दिवस त्यांचें काम बुडालें आणि त्या रोजंदारीवर असल्यामुळें आठ दिवसांची मजुरीहि बुडाली. ती आम्हीं भरून दिली, पण त्यांत आमचा मोठेपणा नाहीं; तो आमचा दंड होता. आम्ही क्षमा मागूं लागलों तेव्हां मावशी एवढेंच म्हणाल्या, "गुरुजी, पाला निराळा बांधला असता तर बरं झालं असतं. पोत्यांत काय आहे तें आम्हांला हात घातल्यावरच कळतं."

त्या रात्रीं आम्हांस आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या शाळेच्या पटांगणांत चिंचेचीं व करंजाचीं मोठीं झाडें आहेत. सकाळीं पटांगण झाडावें लागतें. खराटा कोणाच्या हातीं द्यावा असें आम्हीं कधीं ठरविलें नव्हतें. पण तो वर्षानुवर्षें ठराविक चार-पांच मुलांच्याच हातीं जात होता. तीं मुलें कोणत्या घरचीं, हें वाचकांस सांगण्याची गरज नसावी. ज्यांच्या आज्यांनीं गांव झाडलें त्यांच्याच नातवंडांच्या हातीं, वर्गांत समतेचे धडे देणारे आम्ही, रोज सकाळीं खराटा देत होतों. नोकरीच्या विसाव्या वर्षीं हें ध्यानांत यावें ही आमच्या शरमेची गोष्ट आहे. दुसऱ्याच दिवशीं हजेरीपटाच्या क्रमानें पाळी लावली, आणि पहिली पाळी शिक्षकांची ठेविली. एक पालक तावातावानें आले आणि म्हणाले, "आमच्या पोरानं झाडायचं का?" आम्हीं विचारलें, "झाडाखालीं खेळतो ना तुमचा पोरगा?" ते गृहस्थ रागावून निघून गेले. मुलगा मात्र पाळीच्या दिवशीं वेळेवर आला.

आतां आपल्या दारांतून निघालेली गाडी जाते कोठें तें पाहूं. पाला वजनानें हलका पण पसाऱ्यानें मोठा. दहा घरांनीं पोतीं लोटलीं कीं गाडी भरते आणि पुढच्या आळीचा ओला केर तसाच राहतो. पाला, खरकटें, प्लास्टिकच्या पिशव्या आणि लहान मुलांचीं लंगोटें एकदां एकत्र झालीं म्हणजे तीं कोणासच निराळीं करतां येत नाहींत. मग ती गाडी गांवाबाहेर जाऊन रिकामी होते. ढिगाच्या पोटांत वारा पोंचत नाहीं. तेथें पाला सडतो आणि पेट घेणारा वायु तयार होतो. म्हणूनच कचऱ्याचे डेपो वारंवार जळतात.

मुंबईचा देवनार येथील डेपो १९२७ सालापासूनचा. २०१६ च्या जानेवारींत तेथें आग लागली तेव्हां धुरामुळें आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुणें शहराचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत जाऊन पडला. विहिरींचें पाणी नासल्याचें गाऱ्हाणें घेऊन तेथील लोक वर्षानुवर्षें भांडले, आणि २०१७ सालीं डेपोला आग लागल्यावर त्यांनीं शहराच्या गाड्याच अडविल्या. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, नारेगांवच्या लोकांनीं २०१८ च्या फेब्रुवारींत तेंच केलें, आणि शहरांत कचऱ्याचे ढीग साचले. त्या त्या वेळीं शहरवासीयांची गैरसोय किती झाली याची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्याच्या शेतांत गव्हाला पाणी जातें, त्याच्याच विहिरींत शहराची घाण कां उतरावी, या प्रश्नाचें उत्तर देण्यास फारसें कोणी पुढें आलें नाहीं. कचरा करतो एक, उचलतो दुसरा, आणि त्याचें विष पचवितो तिसरा! हे दुसरे-तिसरे कोण, हें ज्यानें त्यानें आपल्या घराकडे पाहून ओळखावें.

आणि केवळ शहराला नांवें ठेवून आपली सुटका नाहीं. आपल्या गांवची गाडी कोठें रिकामी होते? बहुतेक ठिकाणीं ओढ्याच्या कडेला, नाहीं तर गांवाबाहेरच्या एखाद्या वस्तीजवळच्या पडीक जागेंत. शहरानें आपल्यावर केला तोच अन्याय आपण आपल्याहून दुबळ्यावर करूं लागलों आहों. ज्यांस ब्राह्मणशाहीचा राग येतो त्यांनीं आपल्या घंटागाडीचा शेवटचा थांबा एकदां स्वतः जाऊन पाहून यावा, अशी आमची विनंती आहे.

"मग पाला पेटवून द्यावा, म्हणजे कटकट नको," असें कित्येक म्हणतात, आणि सायंकाळीं आळीआळींतून धूर निघतो. हा तर चोरापेक्षां वाईट धंदा आहे. चोर निदान घेतलेली वस्तु वापरतो! पाला जाळला कीं त्यांतलें नत्र आणि जमिनीला भुसभुशीत ठेवणारें सारें सेंद्रिय द्रव्य उडून जातें, आणि हातीं राहते चिमूटभर राख. शेजारच्या दम्याच्या म्हाताऱ्यास आणि पाळण्यांतल्या पोरास त्या धुराचा प्रसाद मिळतो तो निराळाच. २०१६ सालीं देशभर निघालेल्या घनकचरा नियमांनीं शहरांतल्या लोकांस रस्त्यावर व मोकळ्या जागेंत कचरा टाकण्यास, जाळण्यास व पुरण्यास मनाई केली, आणि बागेचा पाला निराळा ठेवावा असें सांगितलें. ते नियम शहरांचे होते, तरी धुराला गांव आणि शहर कळत नाहीं. कोंकणांतील व मावळांतील आमचे बंधु म्हणतील, "आम्ही भाताच्या रोपासाठीं राब भाजतों, तें काय पाप?" राब भाजण्यामागें शेतीचें कारण आहे; त्याची तुलना दारांतल्या शेकोटीशीं आम्ही करीत नाहीं. पण तेथेंहि पाला न जाळतां वापरण्याच्या वाटा निघाल्या आहेत. भाताच्या चारसूत्री पद्धतींत गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरांतच गाडतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल.

पाला म्हणजे धन, हें ज्ञान परक्यानें येऊन आपल्याला शिकवावें असें मुळींच नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, डोंगरावरच्या पानाफुलांचें सत्त्व पावसाबरोबर वाहून जाऊन ओढ्यानाल्यांत वाया जातें तें शेतांत जिरवावें, असें स्पष्ट सांगून ठेविलें आहे. पुढें अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानें इंदूर येथें १९२४ पासून १९३१ पर्यंत काडीकचरा, पाला आणि शेण यांपासून खत करण्याचे प्रयोग केले. त्यांचे सहकारी यशवंत वाड होते, आणि दोघांच्या नांवानें १९३१ सालीं त्यावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. इंदूर पद्धत या नांवानें तें खत जगभर गेलें. आपण पुष्कळ गोष्टी या देशच्या शेतकऱ्यांपासून शिकलों, असें हॉवर्ड यांनींच कबूल केलें आहे. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनीं विटांच्या जाळीदार हौदाची नाडेप पद्धत काढली. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा हौदांत सुमारें १०० किलो शेणावर १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याचें खत तीन-चार महिन्यांत होतें. शेणाच्या जोडीला लागते ती मुख्यतः चाळलेली माती. ज्याच्या दावणीला आज एकच गाय उरली आहे त्यानें हा हिशेब नीट वाचावा.

आपला जुना उकिरडा वाईट होता असें नाहीं, पण तो अर्धवट होता. उन्हानें त्याचें सत्त्व उडे आणि पावसानें धुपून जाई. म्हणून थोडी सुधारणा करावी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाळलेला पाला गोठ्यांत जनावरांखालीं अंथरावा. गोमूत्र, जें एरवीं जमिनींत जिरून फुकट जातें, तें पाला पिऊन घेतो आणि पायांखालीं तुडवून बारीकहि होतो. आंबा, फणस, साग यांचीं पानें चिवट. तीं अशीं तुडवलीं कीं लवकर कुजतात. ज्याच्या घरीं गोठा नाहीं त्यानें सावलींत, पाणी तुंबणार नाहीं अशा जागीं ढीग करावा. वीतभर जाड वाळला पाला, त्यावर शेणकाला किंवा हिरवा पाला व भाजीचे देंठ, त्यावर मूठ-दोन मूठ माती, असे थर कंबरेइतके चढवावे, पाणी शिंपडावें आणि वर गोणपाट झांकावें. आंतला पाला मुठींत दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकूं नये. चार दिवसांत ढीग आंतून तापतो. तापला नाहीं तर शेण किंवा पाणी कमी पडलें असें समजावें. घाण वास आला तर पाणी जास्त झालें, वारा कमी पडला असें समजून ढीग उपसावा. दर पंधरवड्याला वरखालीं केला तर तीन-चार महिन्यांत काळें, मातीच्या वासाचें खत हातीं येतें. फाल्गुनांत रचलेला ढीग पेरणीच्या सुमारास उपयोगीं पडतो. आणि ज्यास एवढेंहि करणें नको त्यानें तो पाला वांग्यामिरच्यांच्या सरींत आणि फळझाडांच्या आळ्यांत पसरावा. चैत्र-वैशाखांत ओल टिकते. मात्र बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा, नाहीं तर वाळवी लागते.

कारागीर बंधूंसहि चार शब्द सांगावयाचे आहेत. सुतारबंधूंनीं साध्या लांकडाचा भुसा ढिगांत घालावा, पण थोडा थोडा, आणि शेणाच्या जोडीनें. प्लायवूडचा किंवा रंग दिलेल्या लांकडाचा भुसा खतांत मुळींच घालूं नये. कातड्याचे तुकडे आणि नायलॉनच्या चिंध्या पाल्यांत मिसळूं नयेत. त्या निराळ्या बांधून गाडींत द्याव्या. कुंभारबंधूंच्या भट्टींत जो काडीकचरा जळण म्हणून जातो तो वाया जातो असें आम्ही म्हणत नाहीं. त्या आंचेवर घर चालतें. ज्यांस परसूं नाहीं, घराला घर लागून आहे, त्यांनीं दोन-चार घरें मिळून पाला साठवावा आणि एखाद्या शेतकऱ्यास द्यावा. बदल्यांत त्यानें टोपलीभर भाजी दिली तर तो बलुत्याहून बरा व्यवहार होईल, कारण त्यांत उच्चनीच नाहीं.

इतकें करूनहि कांहीं वस्तु गाडींत द्याव्याच लागतात: जाड फांद्या, कांटेरी छाटणी, रोग पडलेला पाला, बीं धरलेलें गाजरगवत. त्या देण्याची रीत असावी. फांद्या दोन हात लांबीच्या तोडाव्या आणि सुतळीनें मोळी बांधावी. तार किंवा प्लास्टिकची दोरी वापरूं नये. कांटेरी डहाळ्यांची मोळी निराळी बांधावी, कांटे आंत दाबावे, आणि देतांना "यांत कांटे आहेत" असें तोंडानें सांगावें. तोंडानें सांगण्यास पैसे पडत नाहींत. पाला उघड्या टोपलींत किंवा तरटाच्या गोणींत द्यावा, म्हणजे आंत काय आहे तें दिसतें. त्यांत दगडमाती, कांच, दाढीचें पातें, औषधाची सुई कांहीं असूं नये. कांच कागदांत गुंडाळून वेगळी द्यावी. पाला भिजलेला असेल तर आधीं वाळूं द्यावा, कारण ओलें पोतें दुप्पट जड होतें. एका बाईला एकटीनें कंबर न मोडतां उचलतां येईल, एवढेंच ओझें करावें. आणि हें सारें गाडी येण्याच्या सकाळीं दारांत ठेवावें. रात्रीं ठेविलें तर गुरें व कुत्रीं तें विसकटतात, वाऱ्यानें पाला गटारांत जातो, आणि मृगाच्या पहिल्या पावसांत तेंच पाणी आपल्या उंबऱ्याशीं येतें.

कोणी म्हणेल, "आम्ही घरपट्टी भरतों, मग हा उपद्व्याप आम्हीं कां करावा?" भरतां ना? मग तिचा हिशेबहि मागा! पंधराव्या वित्त आयोगानें ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशांतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठीं बांधून दिला होता. आपल्या गांवांत तो कशावर खर्च झाला, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. पानगळीच्या दोन महिन्यांत आठवड्यांतून एक दिवस फक्त पाल्यासाठीं गाडी फिरवा, गांवच्या जागेंत पाल्याचे हौद बांधा, त्यांतलें खत गांवच्याच शेतकऱ्यास वाजवी भावानें द्या, आणि त्या उत्पन्नांतून गाडीवरच्या माणसांस मोजे, बूट व वेळेवर मजुरी द्या, असा ठराव मांडा. त्या ठरावाच्या वेळीं गाडीवरच्या बायकांस सभेंत बोलूं द्या. पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या बायकांनीं १९९३ सालीं आपली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली, आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करण्याच्या कामांत उतरली. त्यांच्या वतीनें बोलण्यास वकील लागत नाहीं. ऐकणारे कान लागतात.

२००० सालीं संत गाडगेबाबांच्या नांवानें राज्यांत ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालें आणि पुष्कळ गांवें खरोखर सुधारलीं. परंतु हल्लीं असाहि एक प्रकार दिसतो कीं पुढारी येण्यापूर्वीं झाडलेल्या रस्त्यावर पाला पसरून ठेवावा, पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांनीं कोरा खराटा दोनदां फिरवावा, फोटो निघावा, आणि पाहुणे गेल्यावर तोच पाला मावशींनीं उचलावा. परिटाच्या घरीं जन्मलेले गाडगेबाबा आधीं गांव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आमच्या पुढाऱ्यांनीं निदान खराटा खालीं ठेवण्याची घाई करूं नये.

आमच्या घरीं आतां पाल्याचें एकहि पोतें गाडींत जात नाहीं. परसांत ढीग आहे, आणि गेल्या पावसाळ्यांत त्याच्या खतावर शाळेंतल्या मुलांनीं शेवग्याचीं रोपें लावलीं. बोगनवेल छाटली तेव्हां मोळी बांधून आम्हीं स्वतः गाडीवर चढविली. मावशी हंसल्या, पण त्यांच्या मनगटावरचा वण आम्हांस दिसत होता. तो आतां जाणार नाहीं. दुसऱ्या कोणाच्या हातावर तसा वण आपल्या घरच्या पोत्यानें उठूं नये, एवढें प्रत्येक घरानें या पानगळींत मनावर घेतलें तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

— एक खेड्यांतला शिक्षक